उन्हाळ्यात कुत्र्या-मांजरांची खाज : "काय लावू?" विचारण्याआधी

रानजाई (नागपूर)
१२ एप्रिल, रात्री ९:२०

होळी झाली की आमच्याकडच्या प्राणी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एकसारखे फोटो यायला लागतात. शेपटीच्या मुळाशी केस गेलेलं कुत्रं, कानाखाली ओली लाल जखम, पोटावर पुरळ, मांजराच्या मानेवर बारीक खपल्या. खाली प्रश्न एकच, "काय लावू?" लगेच पाच-सहा मलमांची नावं येतात. खाजवतं कुठे, कधीपासून, घरात दुसरा प्राणी आहे का, हे कोणी विचारत नाही. माझ्या घरी एक लॅब्रॅडॉर, एक गावठी कुत्री आणि दोन मांजरं आहेत, शिवाय गल्लीतल्या कुत्र्यांचं जमेल तेवढं बघते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की झाली आहे: उन्हाळ्यातल्या त्वचेच्या तक्रारींत मलमाचा नंबर शेवटी लागतो. आधी खाज कुठे आहे ते बघायचं.

शेपटीचं मूळ, कमरेची वरची बाजू, मांड्यांचा मागचा भाग इथे चावत असेल तर पहिला संशय पिसवांवर. बारीक दातांच्या कंगव्याने तिथले केस विंचरा आणि निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. प्रत्यक्ष पिसू दिसलीच पाहिजे असं नाही. ज्याला तिच्या लाळेची ॲलर्जी आहे त्याला मोजके चावेही पुरतात आणि मांजर तर चाटून चाटून पुरावा गिळून टाकतं.

सतत पंजे चाटणं, बोटांमधली कातडी लाल, काखा आणि पोट लालसर, वर्षातून अनेकदा कान बिघडणं, हे बहुतेकदा धूळ-परागांच्या ॲलर्जीचं लक्षण. त्याच जागी कातडी तेलकट, काळवंडलेली आणि आंबूस वासाची झाली असेल तर वर यीस्टही (एक प्रकारची बुरशी) वाढलंय. कानाच्या कडा आणि कोपरांवर जाड खपल्या, आणि खाज अशी की कुत्रं झोपतच नाही, म्हणजे खरूज असू शकते. गोल चट्टा, केस तुटलेले, खाज फारशी नाही, म्हणजे नायट्याची शंका घ्यायची. गोचीड शोधायला पाठ कुरवाळून भागत नाही. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीखाली बोटं फिरवून बघावं लागतं.

विदर्भात यात कूलरची भर पडते. मे महिन्यात आमचं लॅब कूलरसमोरून हलत नाही. तिथली फरशी ओली, हवा दमट, आणि दाट केसांखालची कातडी तासन् तास ओलसर राहते. कुत्र्याने ती जागा एकदा चाटायला घेतली की बघता बघता तळहाताएवढी ओली, लस गळणारी जखम होते. यालाच हॉट स्पॉट म्हणतात. सकाळी रुपयाएवढं दिसलेलं संध्याकाळपर्यंत चौपट झालेलं असतं. गोल्डन रिट्रीव्हर, लॅब, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड यांच्यात जास्त. कूलर जरूर लावा, पण कुत्र्याची जागा पाण्याच्या तुषारांपासून लांब ठेवा आणि खाली चादरीऐवजी लवकर वाळणारी चटई टाका.

आणि कृपा करून उन्हाळा आला म्हणून हस्की, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड यांचे केस मशीनने सफाचट करू नका. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतं, घाम त्याला पंजांना येतो तेवढाच. वरचा केसांचा थर कातडीला थेट उन्हापासून वाचवतो. रोज विंचरून आतली सुटलेली लव काढली की हवा खेळते. काहींचे केस एकदा उडवले की पुन्हा नीट येतही नाहीत.

बाकी भागांतल्या लोकांचे अनुभव वाचायला आवडतील. कोकणातलं आणि मराठवाड्यातलं चित्र आमच्यापेक्षा वेगळं असणार.

---

कातळसडा (रत्नागिरी)
१२ एप्रिल, रात्री १०:०५

फार चांगला धागा. आमच्याकडे पारा तुमच्याइतका चढत नाही, पण एप्रिल-मे मध्ये हवेत एवढं पाणी असतं की कुत्र्याचे केस मुळाशी कधी धड वाळतच नाहीत. त्यामुळे गोचिडांच्या बरोबरीने यीस्टचा त्रास. लांब लोंबते कान असलेल्या कुत्र्यांचे तर कान आधी जातात. डोकं झटकणं, कान जमिनीला घासणं, आत तपकिरी मळ आणि वास. कापसाची काडी आत घालून मळ आणखी खोल ढकलू नये, हे मी भेटेल त्याला सांगतो. कान साफ करायचं द्रावण मिळतं ते घालून कानाचं बूड बाहेरून चोळायचं, मग कुत्रं स्वतः डोकं झटकून बाहेर फेकतं. कानातून पू येत असेल किंवा हात लावला की ओरडत असेल तर तेही करायचं नाही, आधी डॉक्टर. पडदा फाटलेला असेल तर द्रावणाने अपाय होतो.

दुसरं म्हणजे समुद्र. सुट्टीत पाहुणे आले की कुत्र्यांना घेऊन किनाऱ्यावर जातात, कुत्री लाटांत खेळतात, आणि तशीच मिठासकट घरी येऊन झोपतात. मीठ आणि वाळू काखांत, जांघेत घासली जाते आणि तिसऱ्या दिवशी लाल पुरळ. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं आणि टॉवेलने, जमल्यास पंख्याखाली, मुळापर्यंत कोरडं करायचं. अंघोळीपेक्षा कोरडं करणं महत्त्वाचं असं आमचे डॉक्टर म्हणतात.

---

मृण्मयी_प (पुणे)
१३ एप्रिल, सकाळी ८:१५

वाचतेय आणि नेमक्या वेळी धागा आला. आमच्याकडे गोचीड अक्षरशः भिंतीवर चढताना दिसतायत. बीगल आहे, तीन वर्षांचा. दुकानातून पाण्यात मिसळून अंगावर घालायचं औषध आणलंय, बाटलीवर अमिट्राझ लिहिलंय. दुकानदार म्हणाला सगळ्यांनाच चालतं. आमच्याकडे एक मांजरही आहे, तीही खाजवतेय. उद्या रविवारी दोघांनाही त्याच पाण्याने अंघोळ घालावी असा विचार आहे. प्रमाण किती घ्यावं?

---

वऱ्हाडी_पशुवैद्य (अकोला)
१३ एप्रिल, सकाळी ८:४०

मृण्मयीताई, मांजरीला ते औषध अजिबात लावू नका. कुत्र्याला लावून उरलेलं पाणीही नाही, त्याच टबात नाही, त्याच टॉवेलने पुसणंही नाही. दवाखान्यात निघालोय, दुपारी सविस्तर लिहितो.

---

वऱ्हाडी_पशुवैद्य (अकोला)
१३ एप्रिल, दुपारी २:३०

सविस्तर लिहितो, कारण दर उन्हाळ्यात यामुळे मांजरं दगावतात.

मांजराचं यकृत काही रसायनं फोडून बाहेर टाकण्यात फार कमी पडतं. कुत्र्याच्या शरीरातून सहज निघून जाणारं औषध मांजराच्या अंगात साठत राहतं. त्यात मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, म्हणजे कातडीवर लावलेली प्रत्येक गोष्ट पोटात जाते. सगळ्यात धोकादायक पर्मेथ्रिन हे कीटकनाशक. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांच्या औषधांत ते भरपूर प्रमाणात असतं. कुत्र्याला चालतं, मांजराला काही तासांत थरथर, स्नायू उडणं, झटके, ताप. लक्षणं कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. नुकतं औषध लावलेल्या कुत्र्याच्या अंगाला अंग लावून मांजर झोपलं तरी विषबाधा होऊ शकते. घरात दोन्ही असतील तर कुत्र्यासाठी पर्मेथ्रिन नसलेलं औषध मागायचं. लावून झालंच असेल तर दोन-तीन दिवस दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.

ग्रामीण भागात याचं दुसरं रूप दिसतं. गाईम्हशींच्या गोचिडांवर मारायची डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनची बाटली गोठ्यात असतेच, तीच घरच्या कुत्र्यावर आणि मांजरावर शिंपडली जाते. त्या बाटलीतलं प्रमाण चारशे किलोच्या म्हशीचा विचार करून ठरवलेलं असतं.

आता अमिट्राझ. कुत्र्यांसाठी ते जुनं आणि उपयोगी औषध आहे, पण त्याचे नियम कडक आहेत. प्रमाण बाटलीवर लिहिलेलंच घ्यायचं, अंदाजे झाकण ओतायचं नाही. मिश्रण दर वेळी ताजं. कातडीवर ओल्या जखमा असतील तर नाही. लहान पिल्लं, गाभण कुत्री, मधुमेह असलेली कुत्री आणि चिवावा जातीला नाही. चुकून चाटलं तर कुत्रं गुंगतं, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते. घरात ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे औषध हाताळू नये, इतरांनी हातमोजे घालून, उघड्या हवेत. मांजराला अमिट्राझ नाही.

चुकून मांजराला यापैकी काही लागलं तर वेळ घालवू नका. थरथर सुरू झालेली नसेल तर भांडी घासायच्या पातळ साबणाने कोमट पाण्यात धुवा, टॉवेलात गुंडाळून थेट दवाखान्यात न्या. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यात वेळ न घालवता निघा. औषधाचं खोकं सोबत घ्या. दूध, तेल, मीठ-पाणी काही पाजू नका.

मांजरांच्या पिसवांवर मांजरांसाठीच बनवलेले थेंब मिळतात, सेलामेक्टिन किंवा मांजराच्या पॅकमधलं फिप्रोनिल. तेही वजनाप्रमाणे, आणि मानेच्या मागे जिथे जीभ पोचत नाही तिथेच. थेंब टाकायच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ नाही. अगदी लहान पिल्लांना फक्त बारीक कंगवा. घरी ससा असेल तर त्याला फिप्रोनिल चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

---

मृण्मयी_प (पुणे)
१३ एप्रिल, दुपारी ३:०५

डॉक्टर, खूप खूप आभार. बाटली कपाटात ठेवून दिली. दोघांना आज संध्याकाळी दवाखान्यात नेतेय. भिंतीवरच्या गोचिडांचं काय करायचं तेवढं सांगाल का? आणि बीगल कालपासून थोडा मलूल आहे, जेवला नाही.

---

वऱ्हाडी_पशुवैद्य (अकोला)
१३ एप्रिल, दुपारी ३:२०

मलूल आहे आणि जेवत नाही हे आधी सांगायला हवं होतं. गोचिडांचा इतिहास आणि त्यात ताप, भूक नाही, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त किंवा लघवी गडद, यातलं काहीही दिसलं तर ती त्वचेची तक्रार राहत नाही. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन्ही आजार गोचिडांमधून येतात आणि आपल्याकडे सर्रास आहेत. आज रक्ततपासणी करून घ्या, प्लेटलेट्स बघायला सांगा. वेळेत सापडलं तर औषधं चांगली आहेत.

---

रानजाई (नागपूर)
१३ एप्रिल, रात्री ९:५०

घरातल्या गोचिडांबद्दल मी लिहिते, कारण यात माझे बरेच उन्हाळे गेलेत.

आपल्या घरांत जी तपकिरी गोचीड दिसते ती घरातच सगळं आयुष्य काढू शकते. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की कुत्र्यावरून खाली पडते, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, पडद्याच्या वरच्या घडीत जाऊन हजारो अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं पुन्हा कुत्र्यावर, पुन्हा खाली, पुन्हा वर, असं तीनदा होतं. म्हणून ती भिंतीवर चढताना दिसते. कुत्र्यावर जेवढ्या सापडतात त्याहून कितीतरी जास्त घरात असतात. मोठी गोचीड काही न खाता महिनोन् महिने तग धरते. एकदा पेस्ट कंट्रोल करून महिन्याभराने "पुन्हा झाल्या" असं म्हणणाऱ्यांकडे बहुतेक वेळा अंड्यांतून निघालेली पुढची पिढी असते.

त्यामुळे तीन गोष्टी एकाच वेळी चालायला हव्यात. कुत्र्याला डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, म्हणजे घरातली गोचीड त्याला चावली की मरते. फ्लुरालॅनरची गोळी साधारण बारा आठवडे काम करते, अफॉक्सोलॅनरची महिनाभर. महाग आहेत, पण आमच्या घरचं चक्र त्यानेच तुटलं. ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील त्याच्या बाबतीत या गोळ्यांआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. दुसरं, भेगा सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवणं, आणि व्हॅक्यूम असेल तर कोपरे, सोफ्याच्या शिवणी, पलंगाखालच्या फटी रोज ओढून घेणं. त्याची पिशवी लगेच घराबाहेर टाकायची. तिसरं, कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. नागपूरच्या उन्हाचा हा एक फायदा आहे.

अंगावरची गोचीड काढायला चिमटा वापरा, कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढा. रॉकेल, पेटती उदबत्ती, नखाने चिरडणं, काही नको. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना घरात मांजर आहे हे आधी सांगा. ते बहुतेक वेळा सायपरमेथ्रिनच्याच जातीची औषधं मारतात. पूर्ण सुकून घर पुसून होईपर्यंत मांजर दुसरीकडे. आणि फरशीला फिनेल नको, विशेषतः पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं. मांजर पंजे चाटतं आणि फिनॉल मांजरांना विषारी आहे.

---

ओढा_आणि_चिंच (लातूर)
१४ एप्रिल, सकाळी ७:३०

वाचून बरं वाटलं, पण आमच्या भागातली अडचण मांडतो. औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं ठेवून मग भरपूर पाण्याने धुवा असं सांगतात. इथे उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा पाणी. माणसांच्या अंघोळीला मोजून बादली, कुत्र्याला भरपूर पाणी कुठून आणू? बोअरचं पाणी जड, त्यात साबण सुटत नाही, कातडीवर पांढरट राहतो आणि खाज आणखी वाढते. आमची कारवान जातीची कुत्री आहे, केस आखूड, त्यामुळे थोडं सोपं आहे. कोणाला कमी पाण्यातला उपाय माहीत असेल तर सांगा.

---

वऱ्हाडी_पशुवैद्य (अकोला)
१४ एप्रिल, दुपारी १:४५

दादा, तुमचा प्रश्न खरा आहे, आणि त्यासाठी पूर्ण अंघोळीची गरजही नसते. कारवानसारख्या आखूड केसांच्या कुत्र्याला खाज असते ती पोट, काखा, जांघ, पंजे, हनुवटी एवढ्याच भागात. तेवढाच भाग ओला करून क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनाझोल असलेला शाम्पू लावा. दहा मिनिटं ठेवणं मात्र सोडू नका, कारण औषध कातडीला लागून राहिलं तरच काम करतं. मग एका मगात ओलं फडकं बुडवून दोन-तीनदा पुसून घ्या, शेवटचं फडकं पिण्याच्या पाण्यात भिजवलेलं. क्लोरहेक्सिडिनचे तयार ओले रुमालही मिळतात, रोज पंजे आणि पोट पुसायला उत्तम. अर्ध्याहून जास्त पाणी वाचेल.

माणसांचा शाम्पू किंवा अंगाचा साबण पाणी वाचवायला म्हणून वापरू नका. आपली कातडी आम्लधर्मी, साधारण साडेपाच पीएचची. कुत्र्याची त्याहून बरीच उदासीनतेकडे झुकलेली. आपल्या साबणाने ती कोरडी पडते. डेटॉल तर नकोच, मांजराच्या बाबतीत त्यातलं रसायन थेट विषारी आहे.

---

सुनंदा_काकू (सांगली)
१४ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

आमच्या घरी चार पिढ्या कुत्री आहेत. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ, जखमेवर हळद आणि खोबरेल, एवढ्यावर सगळी चांगली जगली. प्रत्येक गोष्टीला गोळी हवीच का? नवीन औषधांना नावं ठेवायची नाहीत, पण आपल्याकडचं सगळंच टाकून देऊ नये असं वाटतं.

---

रानजाई (नागपूर)
१४ एप्रिल, रात्री ८:३०

काकू, पाल्याच्या पाण्याने कुत्र्याला अंघोळ घालायला माझीही ना नाही. मीही घालते, थंड झाल्यावर, डोळे वाचवून. साध्या पुरळाला आराम पडतो. पण त्याने गोचीड मरत नाही, आणि "आपण उपाय केला" या समाधानात गोचिडांचा ताप आठवडाभर लक्षात येत नाही हा धोका आहे. मांजरांना मात्र कडुलिंबाचं तेल नको. टी ट्री तेल, कापूर, निलगिरी, हेही नाही. नैसर्गिक असलं तरी ती सगळी मांजराच्या अंगाला जड जातात.

ओल्या जखमेवर तेल-हळदीबद्दल माझं मत ठाम आहे. हॉट स्पॉटला हवा लागली पाहिजे. वर तेलाचा थर दिला की ओल आत कोंडते, केस चिकटतात आणि खाली पू होतो. भोवतालचे केस कापून जखम उघडी करायची, सलाइनने किंवा डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडिनने पुसायची, आणि गळ्यात कोन (शंकूसारखा पट्टा) घालायचा म्हणजे चाटता येणार नाही. कोन घालायला लोकांना वाईट वाटतं. पण चाटणं थांबलं नाही तर कुठलंच औषध चालत नाही. जखम मोठी असेल तर खूप दुखते, केस कापायलाही कुत्रं देत नाही, चावू शकतं. तिथे घरी हट्ट करू नका.

---

सुनंदा_काकू (सांगली)
१४ एप्रिल, रात्री ९:१५

मांजरांचं आणि तेलाचं माहीत नव्हतं. पटलं. आमच्या माऊला पाल्याचं पाणी लावणं बंद.

---

खिडकीतली_मनी (मुंबई)
१५ एप्रिल, सकाळी ११:००

मांजरवाल्यांसाठी थोडं लिहिते, कारण मांजरांची खाज दिसतच नाही. ती लपून चाटतात. पोटावरचे केस आखूड झालेत, पाठीवरून हात फिरवला की बोटांना बारीक खपल्या लागतात, यावर लक्ष ठेवायचं. बहुतेक वेळा पिसवाच निघतात. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही होतात, आपल्या चपलांबरोबर, घरातल्या कुत्र्याबरोबर वर येतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर तेही पिसवांमुळेच: चाटताना पिसू गिळली की फीतकृमी होतात. मग जंताचं औषधही द्यावं लागतं.

नाकाच्या शेंड्यावर आणि कानांवर बारीक फोड, खपल्या दिसल्या तर काही मांजरांना डासांच्या चाव्याची ॲलर्जी असते. खिडकीला बारीक जाळी लावल्यावर माझ्या बोक्याचं नाक बरं झालं.

आणि पांढरी मांजरं. गुलाबी नाक, पांढरे कान असतील तर उन्हाने कानाच्या कडा भाजतात. आधी लालसर, मग खवले, मग न भरणारी जखम. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर तिथे कातडीचा कर्करोग होतो. कडेची जखम भरत नसेल तर मलम लावत बसू नका. सकाळी दहा ते दुपारी चार गच्ची आणि खिडकीतलं ऊन बंद. आपलं सनस्क्रीन लावू नका, झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट चाटलं जातं. कॅलामाइनचंही तेच.

---

दोन_माळ्यांचं_घर (ठाणे)
१५ एप्रिल, रात्री १०:२०

विचारावं की नाही कळत नव्हतं. आमच्या पर्शियन पिल्लाच्या कानाजवळ गोल चट्टा आहे आणि मुलीच्या दंडावरही तसाच उमटलाय. शेजारच्यांनी मेडिकलमधून एक मलम सांगितलं, ते दोघांना लावतोय. खाज कमी झाली पण चट्टा मोठा झालाय.

---

वऱ्हाडी_पशुवैद्य (अकोला)
१५ एप्रिल, रात्री १०:५५

मलम थांबवा. हा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग वाटतोय. मलमात बहुधा स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, पण बुरशीला मोकळं रान मिळतं. मांजरातली ही बुरशी, मायक्रोस्पोरम कॅनिस, माणसांना सहज लागते, लहान मुलांना जास्त. पर्शियनमध्ये नेहमी आढळते. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि घरात मांजर आहे हे सांगा. पिल्लाच्या तुटलेल्या केसांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी किंवा कल्चर (बुरशी वाढवून बघायची तपासणी) करून घ्या. तुम्हाला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे हे होतं. मुंबई-पुण्याबाहेरच्यांनीही जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा विचार करावा. परळचं १८८६ पासून आहे, आणि नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत.

पोटात घ्यायचं औषध काही आठवडे चालेल. दिसायला बरं झालं म्हणून मध्येच सोडू नका. बुरशीचे बीजाणू गळलेल्या केसांवर वर्षभरही टिकतात, म्हणून पिल्लाला धुता-पुसता येईल अशा एका खोलीत ठेवा, केस रोज उचला, अंथरुणं वेगळी धुवा. पिल्लाला सोडून देऊ नका. हे पूर्ण बरं होतं.

---

दोन_माळ्यांचं_घर (ठाणे)
१५ एप्रिल, रात्री ११:१०

सोडून देणार नाही. मुलगी ऐकणारही नाही. उद्याच जातो. आभार.

---

गल्लीतले_सोबती (नाशिक)
१६ एप्रिल, दुपारी १२:४०

रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल. उन्हाळ्यात लूत लागलेली कुत्री डोळ्यांना दिसायला लागतात, केस पूर्ण गेलेले, कातडी जाड, उन्हात होरपळलेली. लोक त्यांच्यावर जळकं ऑइल टाकतात. कृपया करू नका. ते चाटलं जातं, कातडी भाजते आणि केस नसलेल्या अंगावर तेल म्हणजे उन्हाचा दुप्पट चटका. गंधक-तेलाचंही तेच.

आम्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून आयव्हरमेक्टिन देत होतो. डोस वजनावर असतो आणि फार काटेकोर. कोली, शेल्टी आणि त्यांच्या मिश्र जातींत ते मेंदूपर्यंत पोचतं आणि जीवावर येतं. आता गोचिडांच्या ज्या गोळ्या वर आल्या आहेत त्यांनी खरूजही जाते. वर्गणी काढून त्या देतो. पोळीत किंवा चिकनच्या तुकड्यात घातली की काम झालं, कुत्र्याला पकडावं लागत नाही. खरजेचे किडे माणसाला काही दिवस खाज देतात, म्हणून हाताळल्यावर हात कोपरापर्यंत धुवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच रेबीजच्या लशीसाठी जा.

---

रानजाई (नागपूर)
१६ एप्रिल, रात्री ९:००

गल्लीतले सोबती, यात पंजांची भर घालते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा डांबरी रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवा, सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला तिथे चालवू नका. पंजे चाटणारं प्रत्येक कुत्रं ॲलर्जीचं नसतं, काहींच्या पंजांखालच्या गाद्या भाजलेल्या असतात. गाद्यांचा रंग बदललाय का, साल निघालीय का बघा. साधं गार पाणी चालतं, बर्फ लावू नका. आम्ही फिरवायला पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर नेतो.

---

मृण्मयी_प (पुणे)
१९ एप्रिल, सकाळी ९:३०

कळवायचं राहिलं होतं. बीगलला एर्लिकिया निघाला. प्लेटलेट्स कमी होत्या पण वेळेत कळलं असं डॉक्टर म्हणाल्या. डॉक्सिसायक्लिन चालू आहे, चार आठवडे घ्यायचंय. आता जेवतोय. मांजरीला पिसवा होत्या, तिच्यासाठीचे थेंब टाकले. भिंतीच्या भेगा बुजवायला माणूस लावलाय. गोचिडांचं औषध पाऊस सुरू झाला की बंद करायचं का?

---

वऱ्हाडी_पशुवैद्य (अकोला)
१९ एप्रिल, दुपारी २:१०

बातमी वाचून फार बरं वाटलं. डॉक्सिसायक्लिनची गोळी जेवणासोबत आणि वर पुरेसं पाणी, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते.

पावसाळ्यात बंद करू नका. घरात राहणाऱ्या गोचिडीला ऋतूचा फारसा फरक पडत नाही, आणि दमट हवेत पिसवा वाढतात. पुण्यासारख्या हवेत वर्षभर चालू ठेवा. पुढच्या मात्रेची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि ती देण्याआधी दोघांचंही वजन करा. आजारात बीगलचं वजन उतरलेलं असेल, बरं झाल्यावर वाढेल, आणि पॅक वजनाप्रमाणे बदलतं. प्लेटलेट्सची तपासणी औषध संपल्यावर पुन्हा एकदा करून घ्या.